सायकलवरून उतरल्यावरचा बधिरपणा

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर राहणारा तिशीतला एक तरुण समुपदेशनासाठी माझ्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता आणि मुद्द्यावर यायला त्याला वीस मिनिटे लागली. डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, याचे कौतुक नाशिककरांना आजही आहे. त्याच ओढीने हाही दर रविवारी सायकलने त्र्यंबकेश्वरला जाऊन येई. घरी परतल्यावर जननेंद्रिय तासभर बधिर राहते आणि लग्न दोन महिन्यांवर आले आहे, हे सांगून त्याने विचारले, "मॅडम, मी नामर्द तर होणार नाही ना?"

मी कागदावर आकृती काढली. प्युडेंडल नर्व्ह, म्हणजे जननेंद्रियाच्या भागातली मुख्य नस, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपाशी, दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंच्या मुळांपासून तयार होते, कटिराच्या, म्हणजे कमरेच्या हाडांच्या पोकळीच्या, मागच्या बाजूने बाहेर पडते, तिथल्या हाडाच्या टोकदार काट्याला वळसा घालते आणि अल्कॉक या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरुंद मार्गातून पुढे येते. तिची शेवटची शाखा जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या टोकाच्या हाडाच्या, खालून शिश्नाच्या पृष्ठभागावर जाते आणि मुख्यतः तिथला स्पर्श मेंदूपर्यंत पोहोचवते. हँडलवर वाकून बसले की शरीराचा भार बसण्याच्या हाडांवरून सरकून सीटच्या टोकावर येतो, नस आणि तिच्या सोबतच्या रक्तवाहिन्या हाड व सीट यांच्यामध्ये दाबल्या जातात. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तसेच हे असते.

ताठरता आणणारे तंतू त्याच मुळांतून निघत असले, तरी ते वेगळ्या वाटेने, प्रोस्टेट ग्रंथीच्या बाजूने जातात. स्पर्शाची त्यांना मदत होते, हे खरे. पण तासाभरात ओसरणारा बधिरपणा म्हणजे नपुंसकता नव्हे. सकाळी ताठरता येते का, असे मी विचारले, तेव्हा तो प्रथमच पाठ टेकवून बसला आणि "रोज येते" म्हणाला.

तरीही मी त्याला मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवले, कारण तपासणी हे समुपदेशकाचे काम नव्हे. त्यांच्या सल्ल्याने त्याने हँडल उंच केले, मधोमध खाच असलेली रुंद सीट बसवली आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहण्याची सवय लावली. महिन्याभरात त्रास थांबला. बधिरपणा दिवसेंदिवस टिकत असेल, तर मात्र सायकल बंद ठेवून डॉक्टरांना भेटावे, आणि त्यासोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायांतली शक्ती कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.