वलय, सर्पिल की मळसूत्र?

प्रश्न : सूर्यफुलातल्या बियांच्या वळत जाणाऱ्या ओळींना एका लेखात 'वलये' म्हटले आहे, दुसऱ्यात 'सर्पिल ओळी'. बरोबर काय? आणि स्प्रिंगलाही 'सर्पिल' म्हणावे का?

सूर्यफुलाच्या बाबतीत 'सर्पिल' बरोबर, 'वलय' चूकच. वलय म्हणजे मुळात कडे, बांगडी. ते बंद असते, त्याला टोक नसते. झाडाच्या खोडातली वर्षवलये, पाण्यात खडा टाकल्यावर उठणारी वलये, ही खरी वलये. ओळखायचे कसे? रेषेवर बोट ठेवून एक फेरा पूर्ण करा. निघाल्या जागी परत आलात तर वलय; आत किंवा बाहेर सरकलात तर सर्पिल.

सूर्यफुलात हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण तिथे ओळी मोजायच्या असतात. एक जथा उजवीकडे वळतो, दुसरा डावीकडे, आणि बहुतेक फुलांत त्यांची संख्या 34 व 55 किंवा 55 व 89 अशी निघते. 'वलये' म्हटले की डावे-उजवे हा भेदच उरत नाही. मोजताना दोऱ्याचे एक कडे करून ते तबकडीवर मध्याभोवती सारख्या अंतरावर ठेवा, एका ओळीवर टाचणी टोचा आणि दोऱ्याला छेदणाऱ्या एकाच दिशेच्या ओळी मोजत टाचणीपर्यंत या. नुसत्या नजरेने मोजायला गेलात तर चुकाल : मध्याजवळ 21 ओळी दिसतात, बाहेर सरकताना नजर नकळत 34 किंवा 55च्या जथ्यावर जाते.

गंमत अशी की बिया या ओळींच्या क्रमाने जन्मत नाहीत. प्रत्येक नवी बी आधीच्या बीपासून सुमारे 137.5 अंश फिरून येते, म्हणजे लागोपाठच्या दोन बिया एकमेकींपासून लांब असतात. 34 ओळींच्या जथ्यातल्या एकाच ओळीत लागोपाठ दिसणाऱ्या दोन बियांच्या जन्मक्रमात 34चे अंतर असते. जवळच्या ठिपक्यांना जोडून ओळ दिसते ती आपल्या डोळ्याला.

डोळा उलटही फसतो. जेम्स फ्रेझर यांनी 1908मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृतीत पीळदार दोरीसारख्या काळ्यापांढऱ्या रेषा आत आत वळत गेलेल्या दिसतात. पेन्सिलीचे टोक फिरवले की ते निघाल्या जागी परत येते. ती सगळी एककेंद्री वर्तुळे आहेत! त्यांना 'वलये' म्हणणेच योग्य, दिसोत कशीही.

आता स्प्रिंग. सर्पिल रेषा सपाट पृष्ठावर मध्यापासून दूर जाते. स्प्रिंगची तार मध्यापासून तेवढ्याच अंतरावर राहून वर चढते. त्याला 'मळसूत्र' हा चांगला, रुळलेला शब्द आहे. स्क्रूचे आटे हे त्याचेच उदाहरण. डीएनएला 'दुहेरी सर्पिल' लिहिलेले आढळते, पण तिथे 'दुहेरी मळसूत्र' अधिक नेमके. शंखात मात्र दोन्ही आहे : शिखराकडून पाहिला तर सर्पिल, आडवा धरला तर मळसूत्र.

सर्पिलातही प्रकार आहेत. चकलीचे वेढे सारख्या अंतरावर असतात, कारण सोऱ्यातून येणारी धार एकाच जाडीची असते. (तळताना सुटू नये म्हणून टोक दाबतात, तेवढ्याने चकलीचे वलय होत नाही.) शंखाचा वेढा प्रत्येक फेऱ्यात ठरावीक पटीने रुंदावतो. वारली चित्रातला तारपा नाचही बहुधा सर्पिल असतो : मध्ये तारपावाला, भोवती उलगडत गेलेली माणसांची साखळी आणि तिचे एक टोक मोकळे. चित्राच्या वर्णनात 'वर्तुळाकार नाच' लिहिले की ते मोकळे टोकच हरवते.

'चक्री जिना' मात्र दुरुस्त करू नये. भूमितीने तो मळसूत्री असला तरी तो शब्द वापरात पक्का आहे आणि त्यावरून कोणाचा गोंधळ होत नाही.