वडिलांना घरीच नळी घालून लघवी काढायला सांगितली आहे. जंतुसंसर्ग आणि त्रास टाळण्यासाठी काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना वीस वर्षांचा मधुमेह आहे, लघवीला जाऊन आल्यावरही पोटातल्या लघवीच्या पिशवीत (मूत्राशयात) तीनशे मिली उरते, म्हणून डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा नळी घालायला सांगितलंय. तुम्हाला संसर्गाची धास्ती वाटते आणि वडील म्हणतात, "मला हे जमायचं नाही." हे दोन्ही मी अनुभवलं आहे. मी डॉक्टर नाही. एका मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडलो, कमरेचा मणका मोडला, आणि तेव्हापासून लघवी आपसूक होत नाही. गेली आठ वर्षं रोज पाच वेळा मी स्वतःच नळी घालतो.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. नळीपेक्षा तुंबलेली लघवी जास्त घातक असते. पिशवी ताणली की तिच्या भिंतीला रक्त कमी पोचतं, मग जंतूंशी लढायची तिची ताकद जाते, आणि दाब वाढला तर तो वर किडनीपर्यंत पोचतो. पूर्वी नळी घालायची तर सगळं निर्जंतुक हवं, असं मानत. १९७२ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की घरी नीट धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, पण वेळ चुकवायची नाही. आज आपण घरी करतो ते त्याच पायावर उभं आहे. म्हणून हातमोजे संपले म्हणून दुपारची वेळ टाळली, असं कधीही करू नका. साबणाने हात धुवा आणि नळी घाला.

आता प्रत्यक्ष कृती. मेडिकलमध्ये नुसतं 'कॅथेटर' म्हणू नका. मला पहिल्यांदा फुग्याची नळी दिली होती, ती आत ठेवायची असते. आपल्याला साधी, बिनफुग्याची नळी हवी, बहुधा १२ किंवा १४ नंबरची. बाराच्या टोकाचा रंग पांढरा, चौदाच्या टोकाचा हिरवा. नंबर म्हणजे नळीची जाडी, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. सोबत सुन्न करणारी जेली लिहून घ्या.

वडिलांनी पलंगाच्या कडेला किंवा कमोडवर सैल बसावं. पुढची त्वचा मागे घेऊन साबण-पाण्याने धुवावं. जेलीत कंजुषी करू नका, नळीचा अर्धा भाग तरी ओला दिसला पाहिजे. मला सुरुवातीला जो त्रास झाला तो बहुतेक कोरड्या नळीचा होता. लिंग वर, पोटाच्या दिशेने सरळ धरायचं, म्हणजे आतला बाक सुटतो, आणि नळी सावकाश सरकवायची. बरीचशी आत गेल्यावर एका जागी ती अडते. तिथे लघवी रोखून धरणारी झडप आणि प्रोस्टेट ग्रंथी असते. घाबरून जोर लावला तर झडप आणखी आवळते. मी तिथे हात थांबवतो, लांब श्वास सोडतो, कधी हलकं खोकतो. क्षणभरात वाट सुटते आणि बोटांतली नळी कोमट लागायला लागते. लघवी आली की आणखी दोन-तीन सेंटीमीटर आत सारायची आणि लिंग खाली करायचं. धार थांबल्यावर हळूहळू बाहेर काढायची. काढताना मध्येच पुन्हा धार आली तर तिथेच थांबायचं, कारण तळाशी उरलेली लघवीच पुढे त्रास देते. शेवटी मागे घेतलेली त्वचा आठवणीने पुढे आणायची. ती मागे राहिली तर सुजून अडकते आणि धावपळ होते. मधुमेहात हे जास्तच जपा.

नळी पुन्हा वापरावी का? पाकिटावर एकदाच वापरा असं लिहिलेलं असतं, आणि मधुमेह असताना मी तरी दर वेळी नवी वापरा असंच म्हणेन. पण खर्च सगळ्यांना झेपत नाही, मलाही पहिल्या वर्षी झेपला नाही. डॉक्टरांना विचारून तेव्हा मी वापरल्याबरोबर नळी आतून-बाहेरून साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचो, झटकून पूर्ण वाळवायचो आणि झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवायचो. कडक झाली, चिरली की फेकून द्यायची. जंतुनाशकात बुडवून ठेवलेली नळी न धुता घालू नका, आत आग होते.

पाणी कमी करू नका. सगळे हीच चूक करतात. डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर, पण रात्री आठनंतर आवरतं घ्या. एका वेळी चारशे मिलीपेक्षा जास्त निघत असेल तर डॉक्टरांना सांगून वेळा वाढवा.

लघवी थोडी गढूळ किंवा वासाची झाली, पण ताप नाही, दुखत नाही, तर लगेच अँटिबायोटिक घेऊ नका. नळी घालणाऱ्यांच्या तपासणीत जंतू बहुधा दिसतातच. मात्र थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, रक्ताच्या गाठी, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. नळी आतच जाईना आणि पिशवी भरलेली असेल तर अर्धा तास थांबून एकदाच पुन्हा बघा, मग थेट हॉस्पिटल गाठा.

राहिला वडिलांचा संकोच. त्यांना स्वतःच शिकू द्या. माझ्या बायकोने दोन महिने माझी नळी घातली. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, तरी मी भिंतीकडे बघत पडायचो. सिस्टरने आरसा समोर धरून माझ्याच हातून करवून घेतलं त्या दिवशी मी पोटभर जेवलो. मधुमेहाने नजर किंवा बोटांची जाणीव कमी झाली असेल तर गोष्ट वेगळी, पण आधी त्यांनाच करू द्या. दोन-तीन आठवड्यांत हात बसतो.

पहिले पंधरा दिवस कॅलेंडरच्या चौकटीत दर वेळची वेळ आणि निघालेली मिली लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत तेच पान डॉक्टरांसमोर ठेवा. चार वेळा पुरतात की पाच लागतात, ते त्यावरूनच ठरतं.