पगाराचा आकडा नंतर, आधी विमानाची वही बघा

नमस्कार दादा,

तासगावहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स झालंय, बारामतीला उडण्याचे २१० तास झालेत, एअरलाइनची भरती काही लागेना आणि आता दोन चार्टर, म्हणजे भाड्यानं विमान देणाऱ्या कंपन्यांचं बोलावणं आलंय. पहिली म्हणते टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायच्या ट्रेनिंग-परवानगीचे, १८ लाख तुम्ही भरा, पगार सव्वा लाख, दुसरी म्हणते रेटिंग आम्ही करून देतो पण तीन वर्षांचा बाँड आणि पगार साठ हजार. बागेवर आधीच कर्ज आहे, कुठली धरू, असं तुम्ही विचारलंय.

दादा, तुम्ही द्राक्षवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. बागेत येऊन किलोला सगळ्यात चढा दर बोलणाऱ्या व्यापाऱ्याला तुम्ही डोळे झाकून माल देता का? आधी चार गावात विचारता, गेल्या हंगामात याचे पैसे कुणाला मिळाले, चेक वटला का, शेवटच्या गाडीचं काय झालं. इथंही तेच करायचं, फक्त विचारायचं कुणाला हे नीट ठरवा. कंपनी जे दोन पायलट भेटवेल ते चांगलंच बोलणार, त्यांची नोकरी आहे तिथं. मुलीनं सोडून गेलेले शोधायचे. तिच्या फ्लाइंग स्कूलचे सीनियर, इन्स्ट्रक्टर, त्यांच्या ग्रुपवर एकदोन दिवसात नंबर मिळतात. दोनतीन जणांना फोन करून तीनच गोष्टी विचारायच्या, पगार किती तारखेला व्हायचा, सोडताना हिशोब पूर्ण मिळाला का, आणि कॅप्टननं कधी 'आज जात नाही' म्हटलं तर मालक काय म्हणाला.

ही तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. चार्टरमध्ये तिकीट काढलेले दोनशे पॅसेंजर नसतात, एक गिऱ्हाईक असतं, ते बऱ्याचदा मालकाच्या ओळखीतलं असतं आणि त्याला आजच पोचायचं असतं, सभा असते, लग्न असतं, मीटिंग असते. आणि उतरायचं कुठं तर आपल्या कराडसारख्या छोट्या धावपट्टीवर, जिथं ढगातनं खाली आणणारी आयएलएस यंत्रणा नसते, डोळ्यानं बघून उतरायचं. त्यासाठी साधारण पाच किलोमीटर दिसायला पाहिजे असा नियम आहे, आणि जुलैत आपल्याकडं किती दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. तिथं परत फिरायला कॅप्टनला मोकळीक पाहिजे. म्हणून इंटरव्ह्यूत मुलीनं सरळ विचारावं, गेल्या पावसाळ्यात किती फ्लाइट हवामानामुळं रद्द झाल्या किंवा दुसरीकडं उतरवाव्या लागल्या, आणि गिऱ्हाईक चिडलं तेव्हा त्याचा फोन कुणी घेतला. चांगल्या ठिकाणी लगेच उदाहरण देतात, तारखेसकट. 'आमच्याकडं असं होतच नाही' म्हणाले तर मी तिथनं उठायला सांगेन.

आता वहीची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, मिरजेचा, पाचसहा वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीत लागला. जॉइन व्हायच्या आधी त्यानं हँगरमध्ये टेक लॉग बघायला मागितला, म्हणजे विमानातली ती वही ज्यात प्रत्येक फ्लाइटनंतर पायलट काय बिघडलं ते लिहितो आणि इंजिनिअर दुरुस्त करून सही करतो. दोन महिन्यांची पानं उलटली, एकही तक्रार नाही, सगळीकडं 'निल, निल'. त्याला वाटलं वा, काय विमान ठेवलंय! महिन्याभरात कळलं की बिघाड वहीत लिहायचेच नाहीत, इंजिनिअरला फोनवर सांगायचे नाहीतर चिठ्ठीवर, कारण वहीत लिहिलं की विमान जमिनीवर राहतं. त्यानं सात महिन्यात सोडलं, शेवटचे तीन पगार बुडाले. म्हणून सांगतो, वहीत तक्रारी दिसल्या, त्याखाली काम आणि सही दिसली तर मला बरं वाटतं. नव्या पोरीला लगेच दाखवतीलच असं नाही, पण मागितल्यावर चेहरा कसा होतो ते तिनं बघावं.

दुरुस्तीनंतरच्या टेस्ट फ्लाइटला कोण जातं हेही विचारायचं. २८ जून २०१८ ला जुहूवरनं टेस्ट फ्लाइटला गेलेलं किंग एअर सी ९० घाटकोपरला पडलं, विमानातले चौघं आणि रस्त्यावरचा एक माणूस गेला. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी एएआयबीचा अहवाल सगळ्यांना वाचायला खुला आहे, मुलीनं तो पूर्ण वाचावा, इंटरव्ह्यूच्या आधीच.

कागदाचं लवकर आवरतो. चार्टर कंपनीला डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, एनएसओपी परमिट लागतं, भाड्यानं विमान फिरवायची परवानगी, त्याची यादी डीजीसीएच्या साइटवर असते. नुसतं कंपनीचं नाव बघून थांबू नका, ज्या विमानावर मुलगी बसणार त्याचा व्हीटीनं सुरू होणारा नंबर त्या परमिटवर आहे का ते बघा. काही जण प्रायव्हेट कॅटेगरीचं विमान गुपचूप भाड्यानं फिरवतात, त्यात काही झालं तर इन्शुरन्सचा घोळ आणि पायलटचं लायसन्स अडचणीत. विमानं किती आहेत तेही विचारा. एकच असलं आणि ते मोठ्या तपासणी-दुरुस्तीला गेलं तर पोरगी तीनचार महिने घरी, तास वाढत नाहीत, आणि एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायच्या वरच्या लायसन्सला, १५०० तास लागतात.

आणि पगार खरंच होतो का, टीडीएस कापून भरतात का, हे सोडून गेलेल्यांच्या २६एएस वरनं, म्हणजे इन्कम टॅक्सच्या कापलेल्या टॅक्सच्या पत्रकावरनं कळतं, त्यांना प्रेमानं विचारा, सांगतात.

आता तुमच्या दोन ऑफरी. १८ लाख भरून नोकरी घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो. आधी पैसे मागणाऱ्या कंपनीला तुमची मुलगी टिकली काय आणि गेली काय, सारखंच, तिचे पैसे आलेले असतात. रेटिंगवर स्वतःचे पैसे घालणारी कंपनी निदान ते वसूल होईपर्यंत तरी तिला उडवेल. फक्त बाँड वाचून घ्या. रक्कम दर महिन्याला कमी होत गेली पाहिजे, दोन वर्षं अकरा महिने काम करून पूर्ण रक्कम मागतील असं नको. विमान विकलं, परमिट गेलं किंवा पगार दोन महिने थकला तर बाँड आपोआप संपतो अशी ओळ घालून मागा. मार्कशीट, लायसन्स काही ओरिजिनल ठेवून घ्यायचं नाही आणि सही केलेले कोरे चेक तर मुळीच द्यायचे नाहीत. कोऱ्या चेकनं काय होतं ते तासगावात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.

साठ हजारात मुंबईत राहणं अवघड आहे, मान्य. पण फ्लाइंग अलाउन्स वेगळा आहे का, गावाबाहेर मुक्कामाचा भत्ता मिळतो का, हे तिला फोनवरच विचारायला सांगा, अशानं कधीकधी आकडा बराच बदलतो.

बाँडच्या पानांचे फोटो मला पाठवा, आणि छाटणीच्या गडबडीतनं वेळ मिळाला तर शनिवारी चारनंतर विश्रामबागेत ऑफिसला या, मुलीलाही आणा. तोपर्यंत तिनं तीन फोन केलेले असू देत.