अमेरिकी बेसबॉलमध्ये सलग तीन वर्षं विजेता ठरलेला ओकलंड अ‍ॅथलेटिक्स संघ १९७७ मध्ये तळाला कसा गेला?

मुख्य कारण म्हणजे मालक चार्ली फिनली यांचा आखडता हात. डिसेंबर १९७५ च्या लवादाच्या निकालानं खेळाडूंना करार संपल्यावर दुसरा संघ गाठायची वाट मोकळी झाली. फुकट जाण्यापेक्षा विकलेले बरे, म्हणून फिनलींनी जून १९७६ मध्ये जो रूडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी १० लाख डॉलरला बोस्टनला विकलं. बेसबॉल आयुक्त बोवी कून यांनी सौदाच रद्द केला! मोसम संपताच रूडी, फिंगर्स, बँडो, टेनेस, कॅम्पानेरिस सगळे निघून गेले आणि मालकाच्या हाती छदामही लागला नाही. १९७७ मध्ये ९८ पराभव, आणि गटात पहिलाच मोसम खेळणाऱ्या सिअ‍ॅटल मरिनर्सच्याही खाली शेवटचा नंबर. कूननी तो सौदा होऊ द्यायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं. त्या पैशातून नवा संघ बांधता तरी आला असता.