तेलाचा प्रश्न आणि अकरावीचं एसपी

नमस्कार दादा,

मेल वाचला. अकरा वर्षं मस्कतला काढून तुम्ही आता कोपरखैरण्याला परत आलात, मुलगी दहावी झाली, तुमचं म्हणणं सायन्स घे, पुढे पेट्रोलियम इंजिनिअरिंग कर, गल्फमध्ये ओळखी आहेत, आणि ती म्हणते कॉमर्स, त्यातही मॅथ्सऐवजी एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, कारण तिला म्हणे तेल असूनही काही देश गरीब का राहतात ते शिकायचंय. असल्या प्रश्नावर पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंय.

भरतं की. पण एसपी घेऊन अवघड आहे.

मस्कतला जुन्या माणसांकडून ऐकलं असेल तुम्ही, १९७० ला अख्ख्या ओमानमध्ये शाळा होत्या तीन. मग तेलाचा पैसा शाळा-दवाखान्यांत गेला आणि यूएनडीपीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेच्या, २०१० च्या अहवालात १९७० पासून सगळ्यात जास्त सुधारलेला देश म्हणून ओमान पहिला आला, सौदीएवढं तेल नसताना. नायजेरियात तेल सापडलं १९५६ ला, तरी वर्षानुवर्षं क्रूड बाहेर पाठवायचं आणि पेट्रोल बाहेरून आणायचं असं चाललेलं, लाइट नाही म्हणून घरोघरी जनरेटर. नॉर्वेने १९९० ला तेलाच्या पैशाचा फंड काढला, त्यातून सरकार आता वर्षाला साधारण ३ टक्केच काढतं. आपल्याकडे नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले तेव्हा कोणी पोरं शिकवली, कोणी गाड्या उडवल्या, बघितलंयत ना? तेच, फक्त देशाएवढं.

आता तेवढ्याच पैशात कोणी किती आयुर्मान, किती शाळेची वर्षं मिळवली हे मोजायला डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस नावाची पद्धत आहे, १९७८ पासूनची, बँका, हॉस्पिटलं, देश सगळ्यांना लावतात. आत सगळं लिनिअर प्रोग्रामिंग, म्हणजे ठरलेल्या मर्यादांत सगळ्यात चांगलं उत्तर शोधायचं गणित. आणि गंमत म्हणजे लिनिअर प्रोग्रामिंग बारावी कॉमर्सच्या मॅथ्समध्येच आहे, जे ती सोडायला निघालीय!

म्हणून कॉमर्स घेऊ दे, पण मॅथ्ससकट. पुढे इकॉनॉमिक्समध्ये डिग्री, मग एमए-एमएस्सीला गोरेगावची आयजीआयडीआर ही अर्थशास्त्राची संस्था, मुंबई विद्यापीठाचं कलिना, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट. यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस आहे, बँका, रिसर्च आहे. पेट्रोलियम वाईट नाही हो, पण भाव पडले की भरती बंद, २०२० तुम्ही तिथेच काढलंत ना.

या रविवारी एक करा. यूएनडीपीच्या मानव विकास अहवालाचं पहिलं टेबल उघडून द्या, शेवटाकडे एक कॉलम आहे, उत्पन्नाच्या नंबरातून विकासाचा नंबर वजा केलेला. आकडा मायनसमध्ये म्हणजे पैसा आहे पण त्या मानाने लोकांचं भलं कमी. कुवेत बघा, इक्वेटोरियल गिनी बघा. वीस तेलवाले देश तिला एक्सेलमध्ये लावायला सांगा. दोन तास बसली तर पुढचं माझ्यावर सोडा, दहा मिनिटांत रील्सवर गेली तर मला फोन करा, वेगळं बोलू.

आणि एसपी बदलून मॅथ्स घ्यायची मुदत कॉलेजात सुरुवातीचे थोडेच दिवस असते, सोमवारी ऑफिसात विचारून या.