गोधडी हाताने शिवायला कोणती सुई घ्यावी?

तुम्ही लिहिलंय, आजीच्या तीन नऊवारींची गोधडी करायला घेतली, व्हिडिओत बघून १० नंबरची आखूड सुई मागवली आणि पहिल्याच दिवशी दोन मोडल्या. सुई वाईट नसणार. ती या कामाची नाही, एवढंच.

त्या आखूड सुयांना बिटवीन्स म्हणतात. रिंगमध्ये ताणलेली, आत पातळ अस्तर असलेली रजई बारीक टाक्यांनी शिवायला त्या छान. आपली वाकळ जमिनीवर पसरून, तिच्यावरच बसून शिवायची. तीन लुगड्यांच्या घड्या घातल्या की आठ-नऊ पदर सहज होतात. तिथे बोटात नीट धरता येईल आणि एका दमात तीन-चार टाके घेईल अशी लांब सुई हवी.

नंबरात गंमत अशी की तो वाढला की सुई बारीक होते. ३ ते ५ नंबरची भरतकामाची सुई मागा. तिचं नेढं लांबट असतं, जाड दोरा बसतो. मी सांगलीत मारुती रोडला गेले की मिक्स पाकीटच घेते, एकाच नंबरवर भागत नाही. दाभण मात्र नको, जुन्या सुती कापडाला तिची भोकं पडतात ती पडतातच.

दोरा ओवून तिरपा धरा. सुई आपल्या वजनाने हळूहळू खाली घसरली तर जोडी जमली. अडकून राहिली तर नेढं लहान आहे, चार ओळींत दोरा पिंजून तुटणार. (ओवताना दोरा जातच नसेल तर सुई फिरवून दुसऱ्या बाजूने बघा. नेढ्याची एक बाजू जास्त गुळगुळीत असते.) दोरा दीड हाताहून लांब घेऊ नका.

बहुतेक तुमची सुई काठावर मोडली असेल. नऊवारीचा काठ घट्ट विणीचा, त्याचे चार पदर एकावर एक आले की माझ्या आईचीही सुई वाकायची. घड्या घालतानाच काठ मागे-पुढे सरकवा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. सुई जड जायला लागली की आई ती केसांतून फिरवायची, तेल लागून सरसर जाते.

आणि त्या दोन सुयांची मोडलेली टोकं सापडली का? ते तुम्ही लिहिलं नाही. माझं एक टोक नातवाच्या दुपट्यात राहिलं होतं, जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवून काढलं. पुढचा टाका घालायच्या आधी ते बघा.