सुपरहिरोच्या सिनेमात खरोखर भीती वाटेल असा मानसिक भयपट आहे का? नुसता रक्ताचा सडा नको.

'ब्राइटबर्न' (2019) बघा. रक्त त्यातही आहे हे आधीच सांगतो. काचेचा तुकडा डोळ्यात घुसतो तिथं मी सरळ मान फिरवली. पण तो सिनेमा डोक्यातून जात नाही तो दुसऱ्याच कारणानं. (पुढे गोष्ट फुटणार आहे.)

मांडणी सुपरमॅनचीच: मूल नसलेलं शेतकरी जोडपं, आभाळातून पडलेलं यान, आत बाळ. फक्त बारा वर्षांचं झाल्यावर या पोराला जग वाचवायचं नसतं, ताब्यात घ्यायचं असतं. त्याच्या गादीखाली आईबापाला कात्रणं सापडतात. वरची बायकांची. वयच तसं म्हणून सोडून द्यावं, तर पुढची शरीर उघडून दाखवलेल्या अवयवांची. शेवटी बाप शिकारीच्या निमित्तानं त्याला रानात नेतो आणि मागून डोक्यात गोळी घालतो. पोराला काहीच होत नाही. ते नुसतं वळून बघतं.

मी सांगलीचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं; धोक्याची पातळी 45. आजी दरवर्षी कृष्णामाईची ओटी भरायची. त्या वर्षी माई आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर आली. ना लाटा, ना आवाज. आजी वरून पायऱ्या मोजत बसलेली, तोंडातून शब्द नाही आणि रागही नाही. पुढे सिनेमा पाहिला तेव्हा त्यातल्या आईच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं. आपलंच आहे, असं काही करणार नाही, म्हणत ती किती वेळ काढते!

'जोकर'ही त्याच वर्षीचा, पण त्याची भीती वेगळ्या जातीची. शेजारणीशी जुळलेलं प्रेम नायकाच्या डोक्यातच होतं हे कळलं, की आधीचं काय काय खरं होतं ते मागे जाऊन तपासावं लागतं. 'क्रॉनिकल' (2012) मध्ये बापाचा मार खाणाऱ्या पोराला शक्ती मिळते. तो हात न लावता कोळ्याचे पाय उपटतो, तिथंच मला पुढचं कळलं. हाही चांगला आहे, पण पहिला 'ब्राइटबर्न'च.

घरच्यांबरोबर मात्र बघू नका. गादीचा प्रसंग झाल्यावर आईनं रिमोट घेऊन सिनेमा थांबवला, माझ्या खोलीकडं एकदा बघितलं आणि भडंगाची वाटी उचलून आत गेली.